न पाहिलेल्या माणसांची कामं

आमचे हे रस्ते-पुलांच्या खात्यात ओव्हरसिअर होते. सत्तरच्या दशकात आलापल्लीच्या पलीकडं, जंगलातल्या एका नदीवर पूल बांधायचं काम निघालं आणि यांची बदली त्या कॅम्पवर झाली. बायकोला तिथं नेण्याची सोय नव्हती. राहायला तंबू, प्यायला नदीचं पाणी आणि दर पंधरवड्याला कुणाला ना कुणाला हिवताप. म्हणून मी नागपुरात, महाल भागातल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांतच राहिले. खाली घड्याळ दुरुस्तीचं दुकान, वर मी. मॅट्रिक झालेली होते, घरी शिवणकाम करायची.

हे महिना-दीड महिन्यानं यायचे. पहिल्याच खेपेला जेवता जेवता म्हणाले, "अवं, तिकडच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरले वातीच्या स्टोव्हच्या वाती पाहिजेत. जंगलात कुठून आणील तो? उद्या बाजारात गेली की आणून ठेवजो."

मी आणून ठेवल्या. एवढ्यावरच ते संपायला हवं होतं. पण पुढच्या खेपेला यांच्या खिशातून चार चिठ्ठ्या निघाल्या, त्याच्या पुढच्या खेपेला नऊ. कॅम्पवरचे, जंगलखात्यातले, शाळेतले, दवाखान्यातले, अशी नागपुरापासून तोडलेली पंचवीस-तीस माणसं तिकडं होती. त्यांची कामं अगदी बारीक होती. कुणाच्या घड्याळाची काच, कुणाला शिवणयंत्राचा पट्टा, कुणाच्या भावाचा निकाल लागला का ते कॉलेजात जाऊन फळ्यावर बघायचं. नागपुरात राहणाऱ्याला अर्ध्या तासाचं काम. तिकडून यायचं म्हणजे जायला दोन दिवस, यायला दोन दिवस, आणि रजा मिळाली तर.

मग एके दिवशी हे म्हणाले, "मी काही दरवेळी येत नाही. त्यायले तुझा पत्ता देऊन टाकू का?"

"द्या," मी म्हणाले. एका शब्दात किती माणसं आपल्या घरात येऊन बसणार आहेत, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

पोस्टकार्डं येऊ लागली. आठवड्याला दोन, मग दिवसाला दोन. आमचा पोस्टमन जिना चढून वर यायचा आणि दारातच विचारायचा, "बाई, शाळा काढली का काय तुम्ही? एवढे कार्ड तर त्या समोरच्या वकिलालेही येत नाहीत." मी हसायची. कामं करायची, वस्तू जुन्या साडीच्या तुकड्यात शिवायची, वर शाईनं नाव घालायची आणि सकाळच्या अहेरीच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे द्यायची. तिकडं स्टँडवर कॅम्पचं माणूस उभं असायचं. पैशांचं ज्याचं त्याच्याशी साधंसरळ ठरलेलं होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते वेगळंच. या माणसांपैकी एकालाही मी पाहिलेलं नव्हतं, आणि तरी मला त्यांच्याबद्दल जे माहीत होतं ते त्यांच्या शेजाऱ्याला माहीत नसेल. एका फॉरेस्ट गार्डानं बुटांसाठी वर्तमानपत्रावर पाय ठेवून पेन्सिलीनं कडा काढून पाठवली होती. इतवारीतल्या दुकानात मी तो कागद उलगडला. दुकानदारानं बूट हातात घेतला, कागदावर ठेवला आणि थांबला.

"बाई, याच्या डाव्या पायाले करंगळी नाही."

मी वाकून पाहिलं. खरंच, पेन्सिलीची रेष त्या जागी सरळच गेली होती. त्या गार्डानं ते लिहिलं नव्हतं. त्याला ते सांगण्यासारखं वाटलं नसणार. मी त्या दुकानात त्याच्या पायाचा कागद धरून उभी होते. कोण कुठला माणूस, आणि त्यानं आपला पाय माझ्याकडे पाठवून दिला होता!

या सगळ्यांत एक गुरुजी होते. कॅम्पपासून सहा-सात मैलांवर एका खेड्यात एकशिक्षकी शाळा होती, तिथले. मास्तर तेच, हेडमास्तर तेच, घंटाही तेच वाजवायचे. त्यांचं कार्ड महिन्याला एक, ठरल्यासारखं. वर "सप्रेम जयभीम, ताईंस" आणि खाली एकच काम. दोन कामं त्यांनी कधी सांगितली नाहीत. त्यांच्या अक्षराकडे मी बघत राहायची. प्रत्येक ओळ खालून एका रेषेत कापल्यासारखी सरळ. कोऱ्या कार्डावर इतक्या सरळ ओळी मी कुणाच्या पाहिल्या नव्हत्या. फक्त खालचे उकार कुठं अर्धे, कुठं नाहीतच. 'गुरुजी'चं 'गरुजी' व्हायचं. मला वाटायचं, असेल एकेकाची लकब.

त्यांची कामं मी आठवून सांगू शकते, कारण ती एकेक करून मीच केली. आधी चष्म्याच्या नव्या काचा, डॉक्टरच्या जुन्या चिठ्ठीवर लिहिलेल्या नंबरपेक्षा दोननं जास्त. मग जाड निबाचं पेन आणि काळी शाई, निळी नको. मग कंदिलाऐवजी गॅसबत्ती आणि तिच्या जाळ्या. मग एक भिंग, "शक्यतो हातभर मोठं". त्यावर मी हसलेही होते, हातभर भिंग कुठं मिळतं का? तळहाताएवढं मिळालं, ते पाठवलं. त्यानंतर वर्षभर पाटीवरच्या पेन्सिली, मुलांची औषधं, असं काहीबाही. मी वहीतल्या प्रत्येक कामावर काट मारत गेले.

पुढच्या पावसाळ्यात त्यांचं एक कार्ड आलं ते नेहमीपेक्षा भरलेलं होतं. कडेनंही लिहिलेलं.

"माझी एकुलती एक मुलगी गेल्या वर्षी भुसावळला दिली. जावई रेल्वेत आहेत. त्यांची बदली रायपूरला झाली. येत्या सोमवारी दुपारच्या गाडीनं ती दोघं नागपूरवरून जातील. गाडी तिथं वीस मिनिटं थांबते. मुलीला सहावा महिना आहे. लग्नानंतर मी तिला पाहिलेलं नाही. नद्यांना पूर आहे, मला येता येणार नाही. सोबत चारोळी आणि मध पाठवतो. तो तिला द्यावा. आणि ताई, काम असं आहे की तिला नीट पाहून यावं. ती कशी दिसते ते मला लिहावं. डबा कोणता ते माहीत नाही. पण ती खिडकीपाशी असेल. उजव्या भुवईवर जुनी खोक आहे."

मी ते कार्ड घेऊन खाटेवर बसले. वाती, काचा, पट्टे आणून देणं निराळं. हे काम काय होतं? एका बापानं मला म्हटलं होतं, माझ्याऐवजी तू बघ. मी पुन्हा पुन्हा वाचलं. नीट पाहून यावं म्हणजे किती नीट? मला जमेल का ते? शिवणयंत्रावर कापड तसंच राहिलं त्या दिवशी.

कंडक्टरनं गाठोडं आणून दिलं. चारोळीची पुरचुंडी आणि मेण लावून बूच घट्ट केलेली मधाची बाटली. सोमवारी मी अकरा वाजल्यापासूनच स्टेशनवर जाऊन बसले. प्लॅटफॉर्म तिकीट मुठीत. गाडी पाऊण तास उशिरा आली. ती थांबायच्या आधीच मी इंजिनाच्या बाजूनं चालायला लागले, एकेक खिडकी बघत. वीस मिनिटांत सगळी गाडी बघायची होती. लोक उतरत होते, हमाल धडकत होते, चहावाले ओरडत होते, आणि मी परक्या बायकांच्या भुवया बघत चालले होते. एक-दोघींनी पदर ओढून घेतला.

मागून चौथ्या डब्यात ती सापडली. खरं म्हणजे तिनंच मला शोधलं. खिडकीच्या गजांतून हात बाहेर आला आणि माझ्या गाठोड्याला लागला.

"तुम्ही बाबांच्या नागपूरच्या ताई ना? हे फडकं आमच्या घरचं हाय. आईच्या लुगड्याचं."

वीस-एकवीस वर्षांची मुलगी. भुवईवर खोक. मी काही बोलण्याआधी तिच्याकडे नुसती पाहत राहिले, तेच तर काम होतं. गाल भरलेले होते. डोळ्यांखाली थोडं काळं होतं, पण ते प्रवासाचं. हातात हिरव्या बांगड्या, बोटं सुजलेली नव्हती. माझी आई म्हणायची, गरोदर बाईची बोटं बघावी. मी बोटं पाहिली. तिला ते कळलं असावं, ती हसली. हसली तेव्हा एक पुढचा दात दुसऱ्यावर किंचित चढलेला दिसला. हेही लिहायचं, मी मनात म्हटलं.

"खाणं जातं का?"

"जाते. आंबट जास्त."

"नवरा?"

"पाणी आणाले गेले. चांगले हाय." एवढं म्हणून ती लाजली आणि लगेच म्हणाली, "बाबा कसे हाय?"

"बरे आहेत."

"बारीक झाले का?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या मुलीच्या नजरेसमोर मला ते जमेना.

"मी त्यांना कधी पाहिलं नाही गं."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, डोळ्यांतलं गेलं. "कधीच नाही? मंग तुमाले कसं माहीत, बरे हाय म्हणून?"

"कार्ड येतं ना. दर महिन्याला. काम सांगतात, मी करते."

"काय काम सांगतात?"

आणि मी सांगायला लागले. आधी चष्म्याच्या काचा, वाढत्या नंबराच्या. मग जाड निब. काळी शाई. गॅसबत्ती. भिंग, हातभर... मी बोलत होते आणि बोलता बोलता माझा आवाज बारीक होत गेला. ती सगळी कामं मी आजवर सुटी सुटी केली होती. प्रत्येकावर काट मारून पुढच्याकडे वळले होते. ती एकापुढं एक लावून मोठ्यानं म्हटल्यावर ती काय सांगत होती हे मलाच आत्ता ऐकू येत होतं.

तिला माझ्या आधी कळलं. तिनं गज धरले.

"आजीचे डोळे असेच गेले होते," ती म्हणाली. "बाबांच्या आईचे. मोतीबिंदू. तिनं पण कोणाले सांगितलं नव्हतं, न्हाणीत पडली तेव्हा कळलं. बाबांले दिसत नाही, ताई."

"अगं, पण कार्डं तर स्वतः लिहितात."

"दिसत नाही त्यांले," ती पुन्हा म्हणाली.

तिचा नवरा पाण्याची सुरई घेऊन आला. उंच, शांत मुलगा. काय झालं हे त्याला कळेना. त्यानं मला नमस्कार केला, गाठोडं आत घेतलं आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. तो हात मी नीट पाहून ठेवला.

गाडीनं शिट्टी दिली. मुलीनं माझं मनगट धरलं.

"मी लिहीन तर ते येणार नाहीत. म्हणतील, पोरीनं उगाच जिवाले लावून घेतलं. ते इतके दिवस तुमाले काम सांगून राहिले ना? आता तुम्ही त्यांले एक काम सांगा. नागपूरले या म्हणा. डोळे दाखवा म्हणा. सांगाल ना वं ताई?"

"सांगीन," मी म्हणाले. गाडी हलली, आमचे हात सुटले.

घरी येऊन मी कार्ड नाही, आंतरदेशीय पत्र घेतलं. आधी त्यांनी सांगितलेलं काम पुरं केलं. ती कशी दिसते ते लिहिलं. गाल, बांगड्या, बोटं, आंबट, चढलेला दात, आणि नवऱ्यानं तिच्या खांद्यावर हात कसा ठेवला तेही. ते लिहिताना अख्खी दुपार गेली. मी अक्षरं मुद्दाम मोठी काढली, पहिलीच्या पुस्तकात असतात तेवढी, त्यामुळे पत्र दोन आंतरदेशीयांवर गेलं. शेवटी लिहिलं: "गुरुजी, तुमची कामं मी केली. आता माझं एक काम करा. दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला या. मोठ्या दवाखान्यात डोळे दाखवू. हे माझं काम आहे, नाही म्हणू नका."

पत्र पेटीत टाकलं आणि लगेच वाटलं, जरा जास्तच झालं. मी कोण त्यांची?

एक महिना काही आलं नाही. दुसऱ्या महिन्याचं ठरलेलं कार्डही आलं नाही. पूर ओसरले होते, बाकीच्यांची कार्डं येत होती. मी रोज पोस्टमनची वाट बघायची आणि त्याच्या हातातलं अक्षर लांबूनच ओळखून आत वळायची. गुरुजींना राग आला असणार, अशी माझी खात्री झाली.

मग पत्र आलं ते कंपाउंडरचं. हाच तो स्टोव्हच्या वातीवाला. त्यानं लिहिलं होतं:

"ताई, गुरुजींनी तुमचं पत्र माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतलं. मुलीचं वर्णन आलं तिथं पुन्हा पुन्हा थांबवलं. ताई, तुमची अक्षरं मोठी होती, पण गुरुजींना आता मोठी अक्षरंही दिसत नाहीत. उजेड-अंधार तेवढा कळतो. वर्षभरापासून तुमची उत्तरं मीच वाचून दाखवतो. कुणाला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. सेवानिवृत्तीला दोन वर्षं आहेत. कळलं तर घरी बसवतील आणि शाळा बंद पडेल, ही त्यांची भीती. ते येतील. शपथ मी मोडली, ती तुमच्या पत्रामुळं मोडता आली."

कार्डं ते कसे लिहायचे, हेही त्यात होतं. बांबूची एक सपाट पट्टी कार्डावर ठेवायची, तिच्या कडेवर अक्षरं बसवायची, ओळ झाली की बोटाच्या रुंदीएवढी पट्टी खाली सरकवायची. पट्टीच्या खाली पेन जात नसे. म्हणून उकार अर्धे राहायचे.

मी पत्र्याच्या पेटीतून त्यांची जुनी कार्डं काढली. ती सरळ रेष बोटानं चाचपून पाहिली. वर्षभर एक माणूस अंधारात बसून मला शाळेच्या पेन्सिली मागत होता आणि मी त्याच्या अक्षराचं कौतुक करत होते. मला माझी लाज वाटली, पण त्याहून मोठं काहीतरी वाटलं, त्याला काय म्हणावं ते मला अजून सापडलेलं नाही. मी ती कार्डं तारखेप्रमाणे लावून परत ठेवली.

दिवाळीनंतर हे दोन महिन्यांच्या रजेवर आले ते गुरुजींना घेऊनच. एस.टी. स्टँडवर मी गेले होते. यांच्या दंडाला धरून एक सडपातळ, पांढरं धोतर नेसलेला माणूस पायरी चाचपत उतरला. मी "जयभीम गुरुजी" म्हटलं. ते थांबले, मान थोडी कलती करून ऐकल्यासारखं केलं.

"ताई?"

"हो."

"वर्गात असता तर तुम्हाले पहिल्या बाकावर बसवलं असतं," ते म्हणाले. "आवाज बारीक हाय तुमचा."

जाताना रिक्षात मी विचारलं, "गुरुजी, दिसत नव्हतं तर शिकवत कसे होतात?"

"तीस वर्षं तेच पुस्तक, ताई. पोरं वाचत, मी ऐके. चुकला की आवाजावरून कळते. पोरगं अडखळते त्याच्या आधी श्वास घेते." मग म्हणाले, "फळ्यावर लिहिलेलं मात्र सरकत असे कधी कधी. पोरं काही बोलत नसत. त्यायले ठाऊक होतं, मले वाटते."

दवाखान्यात केसपेपर काढणं, रांगा, तपासण्या, हे सगळं मला आता सरावाचं झालं होतं. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत बॅटरी टाकून पाहिली. "दोन्ही पिकलेत. पण आतला पडदा चांगला वाटतो. आधी एक करू," म्हणाल्या. आणि माझ्याकडे बघून, "तुम्ही मुलगी का?"

"नाही, मी..." मी म्हणाले. "मी त्यांची कामं करते."

शस्त्रक्रिया झाली. त्या काळी डोळ्यांना पट्टी बांधून दिवसच्या दिवस उताणं निजवायचे, मान हलवायची नाही, खोकायचं नाही. दुपारी मी त्यांच्यापाशी बसायची. ते एक काम सांगायचे. "ताई, खिडकीत काय दिसते?" मी सांगायची. कडुनिंब, त्यावर वाळत घातलेलं कुणाचं तरी धोतर, सायकलस्टँड. "धोतर कोण टाकते झाडावर?" ते विचारायचे. मी उठून बघून यायची. मला हे काम इतर सगळ्या कामांपेक्षा कठीण जायचं. आपण रोज किती थोडं बघतो हे मला तिथं कळलं. एकदा मी नुसतं "आभाळ आहे" म्हटलं तर ते म्हणाले, "कसं हाय?" आणि मला पुन्हा खिडकीशी जावं लागलं.

त्याच आठवड्यात रायपूरहून पत्र आलं. मुलगी झाली होती, बाळ-बाळंतीण सुखरूप. मी वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली नाही, हलवायची नव्हती. पट्टीच्या खालून पाणी आलं तेव्हा मी घाबरून नर्सला बोलावलं. ती म्हणाली, "रडू नका बाबा, टाके हायेत." ते म्हणाले, "रडत नाही बाई, आपोआप येऊन राह्यलं."

पट्टी सोडली त्या सकाळी आम्ही दोघंही तिथं होतो. डॉक्टरीणबाईंनी एक जाडजूड काच त्यांच्या डोळ्यापुढं धरली आणि बोटं दाखवली. गुरुजींनी बोटं मोजली नाहीत. ते त्यांच्या मागं उभ्या असलेल्या माझ्याकडे बघत होते. खूप वेळ. मी पदर सारखा केला, उगीचच. कुणी मला इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं, आणि मला जागेवरून हलावंसं वाटेना.

"या ताई?" त्यांनी यांना विचारलं.

"होय जी, ह्याच."

"मले वाटे पन्नास-पंचावन्नच्या असतील," ते म्हणाले. "हे तर लेकरू हाय."

डॉक्टरीणबाई हसल्या. मी हसायला गेले आणि हसता हसता मला रडू फुटलं.

पक्का चष्मा महिन्याभरानं मिळायचा होता. तोवर ते आमच्या पुढच्या खोलीत राहिले. चष्मा घ्यायला आम्ही सीताबर्डीला गेलो, त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं ते नातीला बघायला रायपूरला जाणार होते. भिंगासारख्या जाड काचांचा चष्मा, त्यामागं त्यांचे डोळे केवढे मोठे दिसत होते. दुकानातून बाहेर पडले आणि पहिल्याच पायरीवर उभे राहिले. समोर कापडाचं दुकान होतं. त्यांनी त्याची पाटी मोठ्यानं वाचली. मग शेजारच्या मिठाईवाल्याची. मग वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरची. खणखणीत, शाळेतल्या आवाजात. येणारेजाणारे थांबून बघायला लागले.

"गुरुजी, चला," हे हळूच म्हणाले.

"थांबा ना गा," गुरुजी म्हणाले. "त्या चप्पलवाल्यानं 'विक्री'ची पहिली वेलांटी उलटी काढली हाय. त्याले सांगतो आणि येतो." आणि खरंच रस्ता ओलांडून गेले. आम्ही मागं धावलो. चप्पलवाल्यानं आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं आणि खडू आणून हातात दिला. गुरुजींनी स्टुलावर चढून वेलांटी नीट केली, उतरून चार पावलं मागं आले आणि लांबून बघितली.

तिथून स्टेशन पायी पंधरा मिनिटांवर. आम्हाला पोचायला दोन तास लागले. एकही पाटी त्यांनी सोडली नाही. मी त्यांच्या बाजूनं चालत होते, त्यांची पिशवी घेऊन, आणि ज्या रस्त्यानं शेकडो वेळा लोकांची कामं करत धावपळ केली होती तो रस्ता त्यांच्या तोंडून ऐकत होते. गाडी सुटायला दहा मिनिटं होती तेव्हा कुठं त्यांना डब्यात बसवलं.